फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

बिसराम डाकवाल्यानं कार्ड हातात न देता ओट्यावर ठेवलं, तेव्हाच शामकला हातातलं काम टाकून पुढं आली. एरवी हा गडी लोटाभर ताक प्यायल्याशिवाय दारातून हलायचा नाही. आज मान खाली घालून सरळ चालता झाला. तिनं कार्डाकडे पाहिलं. एक कोपरा फाडलेला होता.

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर. अक्षरशत्रू माणसालाही न वाचता कळावं, म्हणून तर ती रीत. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, दुसऱ्याच्या दारीही नेत नाहीत. आणि कार्ड आलं होतं अरबांच्या मुलखातल्या बसऱ्याहून! शामकलेचा नवरा चैतराम दोन वर्षांपासून तिथं रेल्वेच्या लाइनीवर होता. जर्मनाशी चाललेली लढाई संपल्यावर गोंदियाच्या स्टेशनात गोऱ्या साहेबानं रुळांवर काम करणाऱ्या गँगमधल्या पोरांची नावं लिहून घेतली आणि पोरं समुद्रापार गेली. चैतराम गेला, सोबत शेजारचा केवलराम. महिन्याला एक कार्ड यायचं, मुनशीकडून लिहवून घेतलेलं. दोघंही खुशाल आहोत, एवढ्यावर दोन घरं महिनाभर जगायची.

सासूनं, सावित्रीबाईनं, कोपरा पाहिला मात्र, "माह्या चैतू रे!" म्हणून हंबरडा फोडला. झालं! घटकाभरात अर्धं गाव अंगणात. कोणीतरी चूल विझवली, भात अर्धा कच्चाच राहिला. सासरा यादोराव खांबाला टेकून बसला तो उठेचना.

दोन म्हाताऱ्यांनी शामकलेला अंगणात मधोमध बसवलं. एकीच्या हातात दगड होता.

"हात पुढं कर बाई."

"आधी वाचा," शामकला म्हणाली.

"वाचाले का रायलं आता?"

"मामाजी, तुमी तरी सांगा ना यांले! आधी वाचा म्हना!"

यादोरावनं डोळे मिटून घेतले. वाचणार तरी कोण? गावात कोणाला अक्षर येत नव्हतं. बिसरामला येई ते पत्त्यापुरतं. ईश्वरदास मास्तर गोरेगावच्या शाळेत, दोन कोसांवर.

"सुतक धराले मास्तर कायले पायजे?" म्हातारीनं तिचं मनगट पकडलं.

शामकलेनं हिसका देऊन हात काखेत दडवले. नवरा जिवंत असताना आपल्या बांगड्या फुटल्या, तर ते त्याच्याच जिवावर येईल, हीच भीती तिच्या डोक्यात बसली होती. ह्या बायांना काय जातंय? त्या रडतील, आंघोळ करतील, घरी जाऊन जेवतील.

तेवढ्यात नंदाबाई शेतातून धावत आली. केवलरामची माय ती. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक पोरगा. तिनं म्हातारीच्या हातातला दगड हिसकून कुंपणापार फेकला.

"दूर व्हा वो! माहा केवल त्याच्या संगं हाये. चैतूले काई झालं असतं, तं केवलनं तार केली असती. मास्तर येईस्तोवर या पोरीले कोनी हात लावून तं दाखवा!"

मास्तरांना आणायला गाडी जुंपायला लावली तीही तिनंच. मग शामकलेपुढं बसकण मारून तिची दोन्ही मनगटं आपल्या मुठीत घेतली. मातीनं भरलेले तिचे हात बांगड्यांवर घट्ट राहिले. सावित्रीबाई रडून दमायची, पुन्हा सुरू करायची. दुपार सरता सरेना. "भेऊ नको," नंदाबाई अधूनमधून म्हणायची, "मी हाये ना."

एकदाची गाडी आली. ईश्वरदास मास्तरांनी अंगणातच उभं राहून कार्ड डोळ्यांसमोर धरलं.

"तीर्थरूप बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार. मी चैतराम खुशाल आहे..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. शामकला हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. तिनं नंदाबाईच्या गळ्यात मिठी मारली.

"काकी, खुशाल हायेत वो!"

"मंग! मी का सांगून राहिली होती? ह्या भवान्यांनी पोरीचं कपाळ पांढरं केलं असतं!"

"तं कोपरा का उंदरानं खाल्ला?" कोणीतरी बोललं आणि सगळं अंगण हसलं. यादोरावसुद्धा हसला.

मास्तर हसले नव्हते. ते मनातल्या मनात पुढचं वाचत होते. शामकलेनं ते पाहिलं आणि तिचं हसणं जागीच थांबलं.

"वाचा ना मास्तर," नंदाबाई म्हणाली. "माह्या केवलचं का लिवलं हाये?"

मास्तरांनी हळू आवाजात वाचलं, "केवलराम गेल्या महिन्यात तापानं वारला. नंदाकाकीला दुसरं कोणी नाही, म्हणून कार्ड आपल्या घरी टाकतो. रीतीप्रमाणे कोपरा फाडला आहे. तुम्हीच जाऊन तिला सांगावं."

आता ह्या चैतरामाला काय म्हणावं! रीत पाळली बेट्यानं, पण ते कार्ड आधी आपल्याच बायकोपुढं पडेल, एवढं त्याला सुचू नये? आणि रागवावं तरी कोणत्या तोंडानं, परमुलखात एकट्यानं मित्राला अग्नी दिला होता त्यानं.

शामकलेची मिठी तशीच होती. सोडावी की धरावी, कळत नव्हतं. आपला माणूस जिवंत आहे हा आनंद एवढं ऐकूनही तिच्या मनातून जाईना, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

नंदाबाई रडली नाही. तिनं शामकलेचे हात गळ्यातून हळूच काढले आणि जमलेल्या बायांकडे पाहिलं.

"मघापासून रडून राहिल्या होत्या ना वो तुमी? मंग आता काऊन चूप झाल्या?" तिचा आवाज चिरकला. "रडा ना! माह्या केवलसाठी रडा ना वो कोनी!"