मला नुसता चहा म्हणत

मित्रांनो, मी औषधी रानगवताची एक जुनी, वाळलेली जुडी आहे. लिथुआनियातल्या मेर्किस नदीकाठी, पाइनच्या झाडांमधल्या मोकळ्या वाळूत माझा जन्म झाला. जूनच्या अखेरीस मला पिवळी फुले येतात. कळी बोटांत चुरगळली की लाल रस निघतो. इथले लोक मला योनासचे गवत म्हणतात. त्याच सुमारास येणाऱ्या, योनास या संताच्या सणाला मला कापले नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखे होते.

मला कापले ते गेनोवाइतेने. वय बासष्ट, जीभ तिखट, हात मात्र मऊ. दव सुकल्यावर तिने मला कापले, माळ्यावर सावलीत उलटे टांगले आणि वाळल्यावर माझ्या थोड्या काड्या दारूत भिजत घातल्या. उदास माणसाला मी बरी, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या मानतात, आणि ते अगदीच खोटे नाही. मला त्याचा भारी अभिमान होता.

तिचा धाकटा भाऊ रिम्विदास. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा हिने आपले एक काढून दिले. मग तो तिच्याकडेच राहायला आला. शरीराने ते परके मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून त्याला सकाळी आठ आणि संध्याकाळी आठच्या ठोक्याला गोळी घ्यावी लागे.

"माझी किडनी तुझ्याकडे पाहुणी आलीय," ती म्हणायची. "तिचे हाल केलेस तर माहेरी परत बोलवीन हं!"

तो हसायचा. पण थंडी आली, दिवस आखडले आणि त्याचे हसू आटले. पुढ्यातल्या राय धान्याच्या काळ्या पावाकडे नुसता बघत बसायचा. तेव्हा तिने मला खाली उतरवून स्वयंपाकघरातल्या खुंटीला लावले. दिवसातून तीनदा माझा कडक चहा, वर चमचाभर दारूतला अर्क. महिन्याभरात गडी बटाटे सोलता सोलता शीळ घालू लागला. "बघ, गवताची करामत!" गेनोवाइते शेजारणीला सांगायची, आणि मी खुंटीवर मनातून फुलून जायचे.

मित्रांनो, पोटात गेल्यावर मी काय करते ते आता ऐका. माणसाच्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. काही जागी, काही पेंगत असलेली. माझ्यातला एक पदार्थ यकृताच्या पेशीत शिरतो आणि तिथल्या एका प्रथिनाला बिलगतो. ते प्रथिन एका जनुकाला हलवून जागे करते. त्या जनुकाच्या सांगण्यावरून पेशी असे काही बनवते, जे औषधांचे तुकडे करून टाकते. एरवी हे काम बेताने चालते. मी आले की सपाट्याने चालते. रिम्विदास आठच्या ठोक्याला गोळी गिळत होता आणि आत तिचा फडशा पडत होता. मला हे दिसत होते. पण उठवलेल्या जनुकाला पुन्हा निजवणे माझ्या हातात नव्हते, आणि दर कपाबरोबर मीच पुन्हा आत जात होते.

इस्पितळात रक्त तपासले. रक्तातले औषध निम्म्यावर आले होते.

"दुसरी औषधं काही घेता का?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"छे. घरचा चहा तेवढा."

"प्या की. पाणी पोटात गेलेलं बरंच. पण गोळ्या चुकवताय तुम्ही."

तो खोटे बोलत नव्हता. इथे दुकानातल्या काळ्या पत्तीला चहा म्हणतात, लिंडन झाडाच्या वाळवलेल्या फुलांना चहा म्हणतात, आणि मलाही. गोळ्या वाढवल्या गेल्या. त्याही मी संपवल्या.

घरी गेनोवाइतेने आकाशपाताळ एक केले. "माझं पोट कापून दिलंय मी! आणि तुला दोन गोळ्या गिळता येत नाहीत?"

"देवाशप्पथ, गेनुते," तो लहानपणच्या हाकेने म्हणाला, "एकही चुकवली नाही."

"मग काय डॉक्टरीणबाई खोटं बोलते?"

तो पुन्हा पावाकडे नुसता बघत बसू लागला. तिला वाईट वाटले, आणि वाईट वाटले म्हणून तिने चहा आणखी कडक केला.

मार्चमध्ये त्याचे पाय सुजले. इस्पितळात ठेवावे लागले. गेनोवाइतेने थर्मास भरून मलाही तिथे नेले. ती कपात ओतत असताना एक परिचारिका थबकली.

"काय आहे हे?"

"चहा."

"हो, पण कसला?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारले नव्हते. "योनासच्या गवताचा!" गेनोवाइते ऐटीत म्हणाली. परिचारिकेने रिम्विदासच्या हातातला कप काढून घेतला आणि डॉक्टरबाईंना बोलावले.

उशीर झाला होता. मूत्रपिंड गेले. डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून सगळे समजावून सांगितले. आपण नीट विचारायला हवे होते, हेही कबूल केले. गेनोवाइते ऐकत राहिली. मग उजव्या कुशीवर हात ठेवून म्हणाली, "ही दुसरी आहे ना अजून? ही काढा. आजच काढा."

"अहो, मग तुम्ही कशा जगणार?"

"ते मी बघते. तुम्ही काढा."

"गेनुते, गप बस," रिम्विदास म्हणाला. "ये, इथे बस माझ्याजवळ."

ती बसली नाही. कुशीवरचा हातही तिने काढला नाही.

आता आठवड्यातून तीनदा ती त्याला यंत्रावर रक्त शुद्ध करायला नेते. उरलेली मी खुंटीवर आहे. ती मला फेकतही नाही, शिवतही नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी रोजच्या गोळ्या घेत असेल आणि चुलीवर माझ्यासारखे काही उकळत असेल, तर डॉक्टरांना ते नावानिशी सांगा. मला तोंड नाही. असते तर पहिल्याच कपाला मी ओरडले असते.