तेराशे ग्रॅमच्या आत

सॅक तेराशे ग्रॅमच्या आत हवी, हे तिने घरूनच ठरवून आणलं होतं. कॅमेरा सातशे तीस, मोठी लेन्स दोन हजार दहा, तिपाई अकराशे ऐंशी, बॅटऱ्या आणि पावसाचं आवरण मिळून एकशे साठ, पाण्याची भरलेली बाटली सहाशे वीस. बेरीज चार किलो सातशे. बाबांच्या पाठीला डॉक्टरांनी सहा किलोची मुभा दिली होती. उरले तेराशे.

खरा कॅमेरा घेऊन दुकानं पालथी घालणं तिला पटेना. म्हणून तिने प्रयोगशाळेतल्या तराजूवर वाळू मोजून पाच पिशव्या शिवल्या होत्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी डकवली होती.

"आमच्या शास्त्रीबुवांनी माझ्या लेन्सची वाळू केलीय," बाबा दुकानवाल्या बाईंना म्हणाले. लेकीला ते लहानपणापासून शास्त्रीबुवाच म्हणत.

"बरं केलं की! इथे लोक रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघतात आणि घेऊन जातात. मग डोंगरावर आमच्या नावाने बोटं मोडतात." बाईंनी लेन्सची पिशवी उचलून पाहिली. "बाप रे. नाकापेक्षा मोती जड!"

"हिची आईही हेच म्हणते. फक्त इतक्या प्रेमाने नाही."

आठ दिवसांनी बाबांना कड्यावर जायचं होतं. समोरच्या सुळक्यावर गरुडाचं घरटं होतं. पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन उभं राहतं त्या आठवड्यात बाबा दरवर्षी जात, त्याच खडकावर तिपाई रोवत आणि त्याच लेन्समधून फोटो काढत. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. घरच्या बोळात अकरा फोटो ओळीने लागले होते आणि बाराव्यासाठीचा खिळाही त्यांनी ठोकून ठेवला होता. ती लेन्स नसेल, तर त्या खडकावरून घरटं म्हणजे नुसता काटक्यांचा ठिपका.

तिने राखाडी सॅक निवडली. वजन बाराशे ऐंशी. उघडायची चेन पाठीच्या बाजूने, म्हणजे सॅक चिखलात आडवी ठेवली तरी पाठीला चिखल लागणार नाही. आत हलवता येणारे कप्पे, बाजूला तिपाईचा पट्टा. तिने वाळूच्या पिशव्या लावल्या. लेन्स मधोमध, पाठीला चिकटून, पाणी बाजूला. सगळं बेतल्यासारखं बसलं. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

"माप कोणतं काढू?" बाईंनी विचारलं.

"मध्यम. जुन्या सॅकवर तेच आहे. पाठीची लांबी अठ्ठेचाळीस."

"जुनी म्हणजे किती जुनी?"

"नऊ वर्षं."

"मग मोजूया. आमच्याकडे पाठ बघून सॅक देतात, लेबल बघून नाही. काका, जरा मान खाली घाला."

बाईंनी मानेखालचं हाड बोटाने चाचपलं, टेप लावली आणि कमरेच्या हाडापर्यंत खाली नेली. थांबल्या. पुन्हा वर गेल्या. तिसऱ्यांदा मोजलं.

"साडेत्रेचाळीस," त्या म्हणाल्या.

"टेप ताणली असेल," बाबा म्हणाले.

"टेप ताणली तर माप कमीच येईल की," ती पटकन बोलून गेली, आणि मग तिला वाटलं, खरंच ताणली असावी. तिने टेप हातात घेतली. टेप कापडी नव्हती, पोलादी होती. तिने स्वतः मोजलं. शर्टाखाली मणक्यांची रांग मधेच बाहेरच्या बाजूला वळली होती, आणि रोज समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाची पाठ अशी झालीय हे तिला आता, अनोळखी बाईंच्या देखत, बोटांनी कळत होतं. साडेत्रेचाळीस. साडेचार सेंटिमीटर गेले कुठे, हे तिला विचारावं लागणार नव्हतं. तिने वाळूचा कण न् कण मोजला होता. माणूस तेवढा मोजायचा राहिला होता.

"बाबा, डॉक्टर नक्की काय म्हणाले?"

"म्हणाले ना. जपा."

"सहा किलो कोण म्हणालं?"

बाबांनी कॉलर सारखी केली. "मी म्हणालो."

"आणि डॉक्टर?"

"तीन मणके दबलेत म्हणाले. त्यांचं काय जातंय म्हणायला? म्हणे पाठीवर काही घ्यायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. अरे, मग पाठ हवी कशाला?"

दुकानवाल्या बाई शेजारच्या मांडणीवरच्या बाटल्या उगाचच सरळ करू लागल्या.

"तुम्ही मला खोटा आकडा दिलात," ती म्हणाली. मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण आवाज निघाला तो शाळेत चुकून दुसऱ्याच वर्गात जाऊन बसलेल्या मुलीसारखा.

"तुला आकडा दिला की तू कामाला लागतेस. नुसतं काळजी करत बसलेली बघवत नाही मला."

त्यांनी सॅक स्वतःच उचलली. पट्टे खांद्यावर चढवले. कंबरपट्टा कमरेच्या हाडावर बसायला हवा होता, तो पार खाली मांड्यांवर येऊन लोंबला. सगळा भार खांद्यांवर आला आणि ते मागे ओढले गेले. तरीही ते दुकानाच्या माडीच्या जिन्याकडे वळले. भार भरलेली सॅक घेऊन तो जिना चढल्याशिवाय बाई कुणालाच सॅक विकत नसत, पण आज त्याच म्हणाल्या, "काका, राहू द्या."

"नियम म्हणजे नियम."

ती मागे दोन पायऱ्या सोडून, दोन्ही हात पुढे करून चढू लागली. ते पडले तर ती त्यांना पेलू शकणार नाही, हे गणित तिचं आधीच झालं होतं. हात मात्र खाली घेववेनात.

सहाव्या पायरीवर बाबा थांबले. कठड्याला धरून उभे राहिले. पुढे गेले नाहीत, मागेही वळले नाहीत.

"मी नेते सामान," ती म्हणाली. "तुम्ही रिकामे चाला. मी येते तुमच्याबरोबर."

"खडकाआधीची ती अरुंद वाट आठवते? तू चार पायांवर होतीस."

"या वेळी येईन."

त्यांनी वळून पाहिलं. कड्यावर डोकं का गरगरतं, कानाच्या आत नेमकं काय बिनसतं, हे तिने पुढे वाचून काढलं होतं. पण ती बाबांबरोबर एकदाच तिथे गेली होती, त्या दिवशी पाऊल उचललं नव्हतं ते नव्हतंच. तासाभराने बाबांनीच तिला हाताला धरून माघारी आणलं होतं.

"हात बघ तुझे," ते हळूच म्हणाले.

पुढे केलेले तिचे दोन्ही हात थरथरत होते. अजून ती जमिनीपासून जेमतेम चार पायऱ्या वर होती.

बाबा पायरीवर बसले. सॅक उतरवून मांडीवर घेतली, चेन उघडली, मधली पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली. मग तिपाईची. मग कॅमेऱ्याची.

"बाई," त्यांनी खाली हाक दिली, "माझ्या मापाची छोटी काही असेल? दुर्बीण आणि पाण्याची बाटली मावली म्हणजे झालं. पायथ्यापर्यंत जाईन म्हणतो."

पायथ्यावरून सुळका दिसतच नाही, हे त्या दोघांनाही माहीत होतं.

बाईंनी निळी सॅक आणली. चारशे ग्रॅम. ती बाबांच्या पाठीवर इतकी नेमकी बसली की त्यांनी आरशात जरा वळूनही बघितलं.

"बघ, कळतसुद्धा नाही अंगावर आहे ते."

"हो," ती म्हणाली.

बाई सॅकवरचं लेबल कापत होत्या. "ताई, ही वाळू इथेच टाकायची की नेणार?"

तिने लेन्सची पिशवी छातीशी धरली होती. दोन हजार दहा. ती खाली ठेवायला तिला जागा सापडेना.