डोक्यावरचा डबा

"मास्तरीणबाई, आता अजिबात हलायचं नाही हं," असं म्हणत मी पाण्यानं काठोकाठ भरलेल्या डब्यावर झाकण ठेवलं.

मास्तरीणबाईंच्या हॉलमध्ये बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. हा माझा हुकमी एक्का. इतकी वर्षं लोकांच्या घरी पार्ट्या करून मी हवाबंद डबे विकते, आणि प्रत्येक पार्टीत भरलेला डबा घरच्या बाईच्या डोक्यावर उलटा धरते. थेंब सांडत नाही. मग टाळ्या पडतात आणि मी न विचारता ऑर्डरी यायला लागतात.

फक्त झाकण बसताना 'टक्' असा आवाज यायला हवा. मी अंगठ्यांनी दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. कळ थेट कोपरापर्यंत गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण आवाज काही येईना.

संधिवात. डॉक्टर म्हणाले होते, "हातांना विश्रांती द्या." मी म्हटलं, "रजेचा अर्ज कोणाकडे करू? साहेब मीच आणि शिपाईही मीच."

आमच्या धंद्यात एका पार्टीत दुसरी ठरते. जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतं, "पुढची माझ्याकडे," आणि गाडी चालू राहते. दुखणं वाढलं तशा मी 'घरी पाहुणे आलेत' अशा थापा मारून पार्ट्या पुढे ढकलल्या. त्या पुढे गेल्या त्या गेल्याच. ही एकच उरली होती. इथून कोणी बोलावलं नाही तर दुकान बंद. आणि दुखण्याचं कोणाला सांगायची सोय नाही. आजारी बाईला कोण बोलावणार घरी?

"दे इकडे, मी लावते," मागून थोरल्या जाऊबाई कुजबुजल्या. 'लोकांच्या डोक्यावर पाणी धरायचा हा कसला मेला धंदा' असं जन्मभर म्हणणाऱ्या याच. पण आज मला डब्यांच्या पिशव्या उचलवेनात तेव्हा त्यांनीच त्या उचलल्या आणि सोबत आल्या.

"नको," मी म्हटलं.

मास्तरीणबाई डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. अंगात नवा कोरा ड्रेस, केस खास आजच्यासाठी सेट केलेले. डबा गळणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी तो दोन्ही तळव्यांत धरून उचलला आणि माझ्याच डोक्यावर उलटा केला.

झाकण निघालंच. सगळं पाणी मानेवरून पाठीत. आणि गार म्हणजे किती गार! "अगं बाई!" कोणीतरी ओरडलं. जाऊबाई टॉवेल शोधायला धावल्या.

"टक् असा आवाज ऐकलात?" मी नाकावरचं पाणी निपटत विचारलं. "नाही ना? मग हे असं होतं. आवाज आला नाही तर झाकण बसलेलं नाही, मग ते खुद्द मी का लावलेलं असेना."

मास्तरीणबाईंनी एक डोळा उघडला. "माझ्या डोक्यावर का नाही धरलात?"

"गिऱ्हाइकाला भिजवून धंदा होतो होय?"

खसखस पिकली. म्हटलं, आता लपवण्यासारखं उरलंय काय? "खरं सांगते, डबा ठणठणीत आहे, बिघडलेय ती मी. संधिवात. बोटांत जोर राहिला नाही. जीभ तेवढी शाबूत आहे, ते तुम्ही बघताच आहात. आता तुमच्यातल्याच कोणीतरी झाकण लावा."

मास्तरीणबाई उठल्या, पाणी भरलं, झाकण दाबलं. टक्! डबा स्वतःच्या डोक्यावर उलटा धरून त्या शाळकरी पोरीसारख्या हसल्या. थेंब नाही. मग काय, जी ती 'मला द्या, मला द्या' करायला लागली. ऑर्डरी आल्या. पुढची पार्टी मात्र कोणी मागेना. माझं लक्ष सगळं तिकडे.

कोपऱ्यात एक नर्स बसली होती. निघताना तिनं माझा हात धरून बोटांचे सांधे चाचपले. "हे कधीपासून अंगावर काढताय? पुढची पार्टी माझ्याकडे. माझ्या सासूबाईंचे हात अस्सेच आहेत. पण त्यांना एकटीला उघडता येईल असा डबा आणा."

"आणते की!" मी ठणकावून सांगितलं. असा डबा माझ्याकडे आहे की नाही, देव जाणे. आजवर मी फक्त झाकण किती घट्ट बसतं तेच सांगत आले.

बसमध्ये जाऊबाई माझे केस पुसत बडबडत राहिल्या. "शोभा करून घेतलीस. आता ताप आला म्हणजे?" मग जरा वेळानं म्हणाल्या, "बाकी बोललीस झकास."

घरी आल्या आल्या मी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, कुठला डबा आपल्या हातानं उघडतो ते बघूनच टाकू. दात आवळून साखरेच्या डब्याला हात घातला, तर झाकण अलगद वर आलं. चहापावडरीचंही तसंच. मग एकेक बघत गेले. फळीवरच्या सगळ्या डब्यांवर झाकणं नुसती टेकवलेली. या घरात झाकण सैल ठेवणाऱ्याची मी कधी गय केली नाही. नवऱ्याची नाही, पोरांची नाही, जाऊबाईंचीसुद्धा नाही.

"हे कोणी केलं?"

"मी. सकाळी, तू तयारीत होतीस तेव्हा," जाऊबाई दारातून म्हणाल्या. "दुपारची एकटी असतेस. कपभर चहा नको करून घ्यायला?"

"अहो, पण हवा लागून सगळं सादळेल."

"सादळू दे."

चहा मी टाकला. पातेलं उचलून गाळला मात्र जाऊबाईंनी.