श्रीच्या आत श्री

मित्रांनो, आधीच सांगतो, मी मठ्ठ नाही. मी एक जुना संगणक आहे आणि पुंडलिकनगरात, श्रीनिवासरावांच्या नकाशे काढायच्या ऑफिसात तेरा वर्षं राबलो आहे. शहर पसरत गेलं तसे त्याचे प्लॉट, रस्ते, मोकळ्या जागा माझ्याच पोटात साठत गेल्या. तेव्हा दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. आता माझं नाव 'डबडं'.

मला डबडं केलं कुणी? श्रीनिवासरावांना कोरं फोल्डर अशुभ वाटतं. म्हणून दरवर्षी नव्या फोल्डरमध्ये ते आधी 'श्री' नावाचं फोल्डर काढतात आणि मागच्या वर्षीचं सगळं काम त्यात नेऊन ठेवतात. त्या कामात आधीचं एक श्री असतंच. त्याच्या आत आणखी एक. असे बारा थर! संताप येणार नाही तर काय होईल?

परवा सकाळी द्वारकाबाई आल्या. त्यांच्या वस्तीतली विहीर एक बिल्डर बुजवायला निघाला होता. ती सगळ्यांच्या मोकळ्या जागेत आहे हे दाखवणारा माझ्या पहिल्या वर्षीचा नकाशा पाच वाजेपर्यंत आणा, नाहीतर काम सुरू होईल, असं महापालिकेच्या साहेबांनी बजावलं होतं.

"भाऊ, टँकर आठ दिसाला येतो. विहिरीला अजून पाणी हाय. ती बुजवली तर आम्ही प्यावं काय?"

श्रीनिवासरावांनी माझ्यातल्या शोधायच्या प्रोग्रामला कामाला लावलं. तो एकेका श्रीमध्ये शिरत गेला आणि खोल कुठेतरी अडकला. पडदा गोठला. त्यांनी मला थापट मारली, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. असं चार वेळा! दर वेळी शोध पहिल्यापासून.

साडेतीनला द्वारकाबाईंची नात अपेक्षा वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आली. तिने पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या फोल्डरांच्या नावांवर बोट ठेवलं.

"काका, मारू नका त्याला. हे बघा, श्रीच्या आत श्री, त्याच्या आत परत श्री. सगळं एकदम शोधायला लावलं की ह्यो अडकतो. आपण एकेक थर हातानं उघडू."

तेवढंच हवं होतं मला! ती एकेक श्री उघडत, वर्षं मागे नेत गेली. मी धापा टाकत, एकेका थराला नऊ-दहा मिनिटं घेत, साथ दिली. पाच वाजून वीस मिनिटांनी नकाशा उघडला. मोकळ्या जागेत निळा गोल, शेजारी अक्षरं : सार्वजनिक विहीर.

छापलेला कागद घेऊन दोघी धावल्या. तासाभराने अपेक्षाचा फोन आला.

"काका, अर्ध्या विहिरीत मुरूम पडलाय. काम थांबलंय, पण पाणी गेलं. आजी काठावर बसलीय, उठतच नाय."

श्रीनिवासरावांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "हा नकाशा आता नीट जपून ठेवला पाहिजे." आणि मित्रांनो, त्यांनी नवं फोल्डर काढलं, त्यात श्री काढलं, आणि माझं सगळं पोट उचलून त्यात कोंबलं.

मला हार नको, कुंकूही नको. एक कोरं फोल्डर काढा, आणि त्यात फक्त ती विहीर ठेवा.