राखून ठेवलेली मशिनं

सगळ्यात आधी कुंदनचा माउस थांबला.

"विधाते, माझा बाण अडकला गं," शेजारच्या खुर्चीवरून तो कुजबुजला. प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती, म्हणून मी मान वळवली नाही. मग माझ्याच पडद्यावर अक्षर उमटेना. कळ पुन्हा दाबली. ओळ अर्धीच राहिली. पलीकडच्या रांगेतून कुणीतरी "सर" म्हणालं आणि बघता बघता सगळी लॅब "सर, सर" करू लागली.

वर पंखे फिरत होते. दिवे लागलेले होते. म्हणजे लाइट गेलेली नव्हती. हे लक्षात आलं आणि मी कळेवरचं बोट काढून घेतलं. लाइट नाही, तर मग नाना.

नाना म्हणजे माझे वडील, सोमनाथ विधाते. त्या कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते, बरीच वर्षं तात्पुरते. दर वर्षी नवी ऑर्डर निघायची. दोन हजार आठच्या त्या उन्हाळ्यात त्यांना कायम करण्याचा विषय पहिल्यांदाच बैठकीत येणार होता. परीक्षा सुरळीत पार पडली की तुमचं काम झालंच समजा, असं विभागप्रमुख आव्हाड मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून नानांची झोप गेली.

लॅबमधले जुने कॉम्प्युटर नव्या अभ्यासक्रमाला पुरत नव्हते. म्हणून संस्थेनं एकच मोठा सर्व्हर घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत नानांनी त्याच्या पोटात वेगवेगळी मशिनं उभी केली. मुलांपुढे फक्त पडदा आणि कीबोर्ड. खरं मशीन काचेच्या खोलीत. आमची आजी, रंगूबाई, जन्मभर मखमलाबादला फुलशेतीत राबलेली. तिनं विचारलं, "आन् दिसभर करतो काय रं तू तिथं?"

"एका वावरात वाफे पाडलेत, आई. ज्याला त्याला वाटतं, वावर आपलंच."

"आन् हीर?"

"विहीर एकच."

"मंग लय ध्यान ठेव बाबा. हीर आटली का समदंच वाळलं."

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. पुढं मी त्यांना पाहिलं ते त्या काचेच्या खोलीतच. सर्व्हर किती तापलाय, कुठल्या मशीनवर ताण येतोय, हे दाखवणाऱ्या रेघांकडे बघत बसलेले. घरी फोन वाजला की त्यांचा घास हातातच राहायचा. कुठल्याही मशीनमध्ये बारीकसा बदल करायचा असला तरी आधी ते त्या अख्ख्या मशीनची कॉपी काढून ठेवायचे. झेंडूचा तोडा कितीही महागाचा असो, आमच्या घरात बियाण्याची फुलं झाडावरच राखत. ते त्यांच्या अंगातच होतं. परीक्षेच्या आठवड्यात तर ते रोज संध्याकाळी सगळ्या मशिनांच्या कॉप्या काढत होते.

त्याच कॉप्यांनी सर्व्हरवरची जागा खाल्ली होती.

काचेच्या खोलीचं दार उघडं होतं. नाना पडद्यासमोर उभे होते, खांदे कानांपर्यंत चढलेले. आव्हाड मॅडम धावत आल्या.

"काय झालं, विधाते?"

"डिस्क भरली, मॅडम. जागाच उरली नाही."

"मग बंद करून चालू करा ना!"

"नको." नानांचा आवाज इतका बारीक आला की मला तो ओळखू येईना. "मशिनं मेलेली नाहीत. थांबलीत. जागा झाली की आहेत तिथून पुढं चालतील. बंद केली तर पोरांनी आत्ता लिहिलेलं सगळं जाईल."

सिन्नरहून आलेले परीक्षक सुपारी चघळत दारात येऊन उभे राहिले. "बाहेर दुसरी बॅच ताटकळलीय. अर्धा तास थांबतो. नंतर परीक्षा रद्द, असा रिपोर्ट देऊन मी मोकळा."

जागा करायची म्हणजे कॉप्या उडवायच्या. पण कॉपीचं नाव मूळ मशीनसारखंच, पुढं फक्त तारीख. चुकून मूळ मशीन उडालं की त्यावर बसलेल्या मुलांचा पेपर गेला. नानांनी माउसवर हात ठेवला. मग तो काढून पँटला पुसला.

"एकट्यानं नको, मॅडम. तुम्ही नाव वाचा. मी पुन्हा वाचतो. मग दाबतो."

मॅडम वाचू लागल्या. नाना तेच नाव पुन्हा म्हणत आणि कळ दाबत. मी टेबलाची कड धरून बसले होते. एका नावावर मॅडम म्हणाल्या, "हं, दाबा."

"थांबा!"

नाना खुर्चीसकट मागं सरकले. "याच्यापुढं तारीख नाही. हे चालतं मशीन आहे."

मॅडमनी कपाळाला हात लावला. नाना पदरात तोंड लपवलेल्या पोरासारखे दोन्ही तळव्यांत तोंड घेऊन क्षणभर बसले. नाना उठून निघून जातील, असं मला वाटलं. ते गेले नाहीत. घसा खाकरून म्हणाले, "खालचं वाचा."

मग कुंदनचा बाण हलला. "चालू झालं रे!" तो ओरडला. माझ्या अर्ध्या ओळीच्या टोकाशी रेघ पुन्हा लुकलुकायला लागली. कुणाचं काही गेलं नव्हतं.

"ए, गोंधळ नको, लिहा," परीक्षक म्हणाले.

आव्हाड मॅडम बाहेर आल्या आणि हसून त्यांना म्हणाल्या, "लोडशेडिंगचा झटका, सर. यूपीएसनं दगा दिला. तसंच लिहू या." त्या वर्षी नाशकात कुणीही त्यावर शंका घेतली नसती. परीक्षकांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात मॅडमच्या पाया पडले. नाना, आता गप्प राहा. एवढंच करा.

"लाइट गेली नव्हती, मॅडम."

"विधाते..."

"कॉप्या मी काढल्या होत्या. जागा संपत आलेली मला काल दिसली होती. जुन्या उडवाव्यात असं मनात आलं, पण धीर झाला नाही."

परीक्षकांनी सुपारी चघळायची थांबवली. "कशाला सांगताय हो? मिटलंय ना?"

"तुम्ही यूपीएस बदलाल, सर," नाना म्हणाले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "आणि पुढल्या परीक्षेला हे पुन्हा होईल. तेव्हा मी कदाचित इथं नसेन."

नाना वारले त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला आलेले लोक म्हणत, माणूस सज्जन, पण फार भित्रा. मी चहा देत होते. मला एवढंच माहीत होतं की त्या दुपारी मी त्यांच्याइतकं घाबरलेलं माणूस पाहिलं नव्हतं, आणि तरी ते बोलले होते.

त्या उन्हाळ्यातल्या बैठकीत त्यांना कायम केलं नाही. सर्व्हर सांभाळायचं काम पुण्याच्या एका एजन्सीला दिलं. नाना लॅबमध्येच राहिले, पण काचेच्या खोलीबाहेर.

एजन्सीचा माणूस आला त्या दिवशी घरी जाण्यासाठी मी त्यांची वाट बघत लॅबच्या दारात उभी होते. नानांनी त्याला एकेक मशीन दाखवलं. कुठलं लवकर तापतं, कुठलं सकाळी उठायला वेळ लावतं, आजारी जनावर विकताना सांगावं तसं सगळं सांगितलं. मग त्यांनी स्वतःचा पासवर्ड टाकला आणि खुर्ची त्याला दिली.

"नवीन टाकतो मी आता, काका," तो म्हणाला.

"टाका ना."

दुसरं कुणी पासवर्ड टाकत असताना आपण बघायचं नसतं, ही त्या कामातली रीत. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. कळांची टकटक थांबली. तो माणूस दुसरंच काही उघडून बघायला लागला. नाना अजून भिंतीकडेच तोंड करून उभे होते.