धूर नव्हताच

शाळेच्या स्वयंपाकघरात मार्लिस ट्वेट मुलांच्या ताटल्या आवरत होती, तेवढ्यात कमरेचा पेजर किंचाळला. नॉर्थ डकोटाच्या त्या टोकाला अॅम्ब्युलन्स चालायची ती गावातल्याच माणसांच्या जिवावर, आणि मार्लिस बावीस वर्षं तिच्यावर फुकट राबत होती. एप्रन न सोडताच ती धावली. अॅम्ब्युलन्स चालवायला ड्वेन बसला होता. तो गावचा न्हावी; त्याच्या एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली होती.

वायरलेसवर कंट्रोल रूममधली मुलगी सांगत होती, "जेनेल स्कार, वय एकोणीस. गाडी कोलांटी खाऊन रस्त्याकडेच्या चरात उभी आहे. फोन तिनंच केलाय. मान दुखतेय म्हणते. पायांची बोटं हलवायला सांगितली, तर हलताहेत. उजवं पाऊल पेडलखाली अडकून ठणकतंय."

"ठणकतंय ना? मग चांगलं आहे," मार्लिस म्हणाली. "तिला म्हणावं, डोकं सीटला टेकवून ठेव आणि कोणी हाक मारली तरी मान वळवू नकोस. अठरा मिनिटांत पोचतो."

बाराव्या मिनिटाला वायरलेसवर तीच मुलगी पुन्हा बोलली, पण आवाज बदललेला. "तिचे वडील आलेत. हलवू नका, हलवू नका म्हणून मी ओरडतेय, पण फोन खाली पडलाय वाटतं..."

ड्वेननं मार्लिसकडे पाहिलं आणि गाडी आणखी दामटली.

बीट काढणीचे दिवस होते. जेनेलचे वडील आर्लो शेतातच होते, आणि शेत तिथून अर्ध्या मैलावर. ते दोघं पोचले तेव्हा तो खडीच्या रस्त्यावर फतकल मारून बसला होता. लेकीचं डोकं मांडीवर, आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवून तो केसांवरून हात फिरवत होता.

"काढली बाहेर!" तो रडत-हसत म्हणाला. "काखेत हात घालून ओढली सरळ. धूर निघत होता, मार्लिस! मिनिटभर उशीर झाला असता तर पोर जळाली असती."

मार्लिसनं एकदाच गाडीकडे नजर टाकली. डॅशबोर्डवर, सीटवर पीठ सांडावं तशी पांढरी भुकटी पसरली होती. एअरबॅग फुटली की उडते ती. पेट्रोलचा वास नाही, जळका वास नाही. धूर नव्हताच.

ती गुडघ्यांवर बसली, जेनेलचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून अलगद सरळ केलं. "आर्लो, तू हळूच बाजूला हो. जेनेल, ड्वेनचं बोट दाब बघू."

बोटं जेमतेम वळली.

"आता तो तुझ्या पायाला हात लावेल. कोणत्या, ते सांग."

ड्वेननं बूट काढून डावा अंगठा चिमटला, मग उजवा. जेनेल आभाळाकडे बघत वाट पाहत राहिली.

"लावा ना मग," ती म्हणाली.

ड्वेननं मान खाली घातली. मार्लिसनं हेलिकॉप्टर मागवलं.

पुढे मोठ्या इस्पितळातल्या सर्जनला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, मणका अपघातातच मोडला असणार. आतली मज्जारज्जू कधी चिरडली, ते शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. सूज चढूनही असं होतं. मग त्यानं विचारलं, "बोटं नक्की हलत होती?"

"नोंद आहे."

"हं," एवढंच तो म्हणाला.

मार्लिसनं अहवालात सगळं लिहिलं आणि अहवाल कपाटात गेला. पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नसते. गावात मात्र दुसरीच गोष्ट फिरत होती. वर्तमानपत्रात आर्लोचा फोटो आला, चर्चमध्ये त्याच्यासाठी लोक उभे राहिले. फेब्रुवारीत अग्निशमन दलानं त्याला मानपत्र द्यायचं ठरवलं. ते द्यायचं कोणी? तर अॅम्ब्युलन्सच्या प्रमुख बाईंनी, म्हणजे मार्लिसनं.

मार्लिस तडक जेनेलकडे गेली. आर्लो लाकडं फोडायला गेला होता. पोरगी चाकाच्या खुर्चीत बसून काट्याचमच्याशी झगडत होती.

"मी नाही देणार ते मानपत्र," मार्लिस म्हणाली. "माझ्याच्यानं होणार नाही. तुला आधी सांगावं म्हणून आले."

"द्या," जेनेल म्हणाली. "मी ओरडून सांगितलं होतं त्यांना. 'डॅड, नको, फोनवर हलवू नका म्हणताहेत.' पण माझं ऐकलंय कधी त्यांनी? पिकअप गाडी मागताना नाही, कॉलेजचं म्हणताना नाही. आता का सांगायचं? कळलं तर ते कोसळतील. मग त्यांची समजूत कोणी काढायची? मीच. मला माझा चमचा उचलवत नाही हो. त्यांना कुठून उचलू?"

मार्लिसनं मानपत्र दिलं, फोटोत उभी राहिली, टाळ्याही वाजवल्या. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आज मी चुलीत घालण्याच्या लायकीची आहे." त्यानं कशाबद्दल म्हणून विचारलं. ती भांडी घासायला लागली.

एप्रिलमध्ये चर्चच्या तळघरात तिनं प्रथमोपचाराचा वर्ग ठेवला. तीसेक माणसं आली. पहिल्या रांगेत आर्लो, शेजारी जेनेल.

"आग नसेल, पाणी चढत नसेल, तर जखमीला हलवायचं नाही," मार्लिस सांगू लागली. "एअरबॅगची भुकटी धुरासारखी दिसते. फसू नका."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आर्लोनं काय बघत बसायचं होतं?"

हशा पिकला. आर्लो उठला. "पुस्तकात ठीक आहे गं, मार्लिस. स्वतःची पोर असली की कळतं. बरं, मी झोपतो जमिनीवर. दाखव यांना तुझी विद्या."

तो आडवा झाला. मार्लिसनं त्याचं डोकं तळव्यांत धरलं. "काही ओढायचं नाही, काही उचलायचं नाही. नुसतं असं धरायचं आणि बोलत राहायचं."

"एवढंच?" आर्लो खालून हसला.

"एवढंच."

"आणि नाही धरलं तर?"

तिनं बोलायला हवं होतं. आग असती तर तू केलंस तेच बरोबर, असं काहीतरी. पण तोंड उघडेना, आणि आर्लो उलट्या बाजूनं तिचा चेहरा वाचत राहिला. तिच्या हातांत त्याचं हसू थांबलेलं तिला कळलं.

"पोर फोन धरून काहीतरी ओरडत होती," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, भीतीनं. मार्लिस, तिचे पाय... तेव्हा?"

"ऊठ, आर्लो. नंतर बोलू."

"हलत होते?"

मार्लिसनं नाही म्हटलं नाही.

आर्लो उठून बसला आणि तीस माणसांदेखत हंबरून रडू लागला. कोणी पुढे झालं नाही. सगळे आपापल्या कॉफीत बघत राहिले. जेनेलनं मनगटांनी चाकं ढकलत खुर्ची त्याच्यापाशी नेली. न वळणारा हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवला.

"असू दे, डॅड," ती म्हणत होती. "असू दे. तुम्हाला काय माहीत होतं?"

हे म्हणताना ती बघत होती मार्लिसकडे. त्या नजरेत क्षमा अजिबात नव्हती.