मधली खुर्ची

सांगतो ते कुणालाच पटणार नाही. माझ्या नातीला तर नाहीच. पण ज्या थिंक टँकचं नेमणूकपत्र मांडीवर घेऊन ती माझ्यासमोर बसली होती, ती संस्था मी जन्माला घातली आहे. संध्याकाळी सहाला दहा कमी असताना, एका चिठ्ठीवर.

"आजच होकार कळवायचाय," ती म्हणाली. "दोन वर्षांनी नोकरी मिळतेय, आजोबा. नाट लावू नका."

"नाट कसली? जन्मकथा सांगतो. मग खुशाल जा."

तेव्हा मी वर्तमानपत्रात मोजणीला होतो. गावात दोन थिंक टँक. एक म्हणायची कर कमी करा, दुसरी म्हणायची वाढवा. दोघींना काचेच्या इमारती आणि दोघींकडे कपाळाला आठ्या घालून बसणारे पगारी विद्वान. आमच्या संपादकाला समतोलाचं भारी वेड. एकीला नऊ सेंटिमीटर जागा दिली की दुसरीलाही नऊच. रोज संध्याकाळी मी स्टीलची पट्टी घेऊन पान मोजायचो. अर्धा सेंटिमीटर जास्त भरला की एखाद्या विद्वानाचं शेवटचं वाक्य छाटायचं. वाचकाला कधी काही कमी वाटलं नाही. खरं-खोटं मोजायची पट्टी मात्र कचेरीत नव्हती, आणि कुणी ती मागितलीही नव्हती.

एके दिवशी कर वाढवणारे सगळेच्या सगळे समुद्रकाठी चिंतनाला गेले. फोन बंद. कर कमी करणाऱ्यांचे नऊ सेंटिमीटर छापायला तयार, आणि शेजारी पांढरी जागा.

संपादक म्हणाला, "सहाला पान छपाईला सुटतं. जागा भर, नाहीतर पट्टी टेबलावर ठेव आणि घरी जा."

घरी नातीचा बाप पाळण्यात होता. मी चिठ्ठीवर एक भारदस्त नाव खरडलं, खाली पत्ता माझ्या मेव्हण्याच्या गादीच्या दुकानाचा टाकला, आणि त्याला फोन लावला.

"करांबद्दल काहीतरी बोल."

"दाजी, मला गाद्यांतलं कळतं."

"मग गाद्यांतलं बोल."

तो गिऱ्हाइकाला सांगायचा तेच बोलला. सगळीकडे सारखा दाब पडला पाहिजे, फार मऊ नको, फार कडक नको, पहिलं वर्ष जरा टोचेल. मी 'गादी' काढून 'करप्रणाली' घातलं. बरोबर नऊ सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी दोन्ही थिंक टँकनी या तिसरीचा कडक निषेध केला. निषेध झाला म्हणजे संस्था आहेच, असं सगळ्यांनी धरलं. दुकानात जाऊन बघायची तसदी कुणी घेतली नाही. आठवड्याभरात वाहिन्यांचे फोन. चर्चेला दोन खुर्च्या असायच्या, आता मधे तिसरी आली.

"आणि तिच्यात मामाआजोबा?" नातीनं विचारलं.

"तोच. नवा कोट शिवून."

एकदा पूल पडला. एक विद्वान म्हणाला पडला, दुसरा म्हणाला ही अफवा आहे. निवेदिका मधल्या खुर्चीकडे वळली. मेव्हणा म्हणाला, सत्य मधे असतं, पूल अर्धा पडलाय. दुसऱ्या दिवशी सरकारनं अर्ध्याच पुलाच्या दुरुस्तीचा हुकूम काढला.

नात हसली. मला वाटलं, आली वळणावर.

"तर अशी ही तुझी संस्था," मी म्हणालो. "आता तिलाही काचेची इमारत आहे, पण आत अजून गादीच विकतात. मी तिची पायरी चढलो नाही. एक नाव दिलं, तेही नोकरी जाईल म्हणून. चढला तो मेव्हणा आणि बोलला तो मेव्हणा. मी आपला पट्टीवाला. हात झटकले आणि निघालो. तूही निघ."

तिनं पत्राची घडी घातली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

"आजोबा, मुलाखतीच्या खोलीत संस्थापकांचा फोटो लावलाय. मधल्या खुर्चीत बसलेला. पाऊण तास मी त्याच्याकडे बघत होते."

"असेल. तो मिरवायचाच."

"मामाआजोबांना मी टक्कल पडलेलंच पाहिलंय. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. त्या माणसाला दाट केस आहेत, आणि वरच्या खिशातून स्टीलची पट्टी डोकावतेय."

मी पाण्याचा तांब्या शोधू लागलो.

"खोटं सांगितलंत, आजोबा," तिनं पत्र पर्समध्ये टाकलं आणि उठली. "तेवढं एक खरं सांगितलं असतंत ना, तर मी हे पत्र इथंच फाडलं असतं."